घरचा आवाज

"प्रेमानं बोला," असं नर्सने बजावलं होतं, म्हणून हौसाक्का काचेशी वाकून म्हणाली, "बाळा, बरी हो हं." आजवर तिने सुनेला कधी बाळा म्हटलं नव्हतं.

काचेपलीकडे सारिकाच्या रक्तात नव्या पेशी सोडल्या होत्या. घरचा आवाज ओळखू आला तरच त्या रुजायच्या, नाहीतर रक्ताचा कॅन्सर तिला नेणार होता. पडद्यावरची हिरवी रेघ खाली घसरत होती.

"शरीर आवाज ओळखत नाहीये," नर्स कुजबुजली.

हौसाक्काने पदर खोचला. "सारे, झोपून सासूला राबवतीस व्हय? तुझ्यावाचून घरात कुणाला घास जात न्हाई. ऊठ."

रेघ थबकली, मग वर चढू लागली.

सारिकाचे ओठ हलले. "आत्या, आमटीत मीठ जास्त पडलं असंल."