तुलनेसाठी

निकाल सांगायला डॉक्टरबाई स्वतः घरी आल्या. शंभरी ओलांडलेल्यांच्या घराण्यात नेमकं काय उतरतं, याचा त्या अभ्यास करत. सासूबाई एकशे तीन वर्षांच्या, म्हणून घरातल्या तिघांचंही रक्त नेलं होतं. सूनबाईंचंसुद्धा. सत्तरी उलटली तरी त्या घरात सूनबाईच.

सासूबाईंच्या जनुकांत एक दुर्मीळ बदल सापडला होता आणि तोच त्यांच्या मुलातही होता. हमी कुणी देत नाही, पण काका आईसारखाच लांबचा पल्ला गाठतील असं दिसतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

यजमान बसल्या जागी फुलले. माझ्या शंभरीच्या तयारीला आत्तापासून लाग, असं त्यांनी बायकोला बजावलंही.

"आणि माझ्यात?" सूनबाईंनी विचारलं.

डॉक्टरबाई घुटमळल्या. "तुमचं तुलनेसाठी घेतलं होतं, काकू. त्याच घरातलं, पण रक्ताचं नसलेलं माणूस लागतं. तुमचं चारचौघींसारखंच आहे."

देवाने एकाच पंक्तीला बसवून शेजारच्या ताटात तेवढं भरभरून वाढलं, असं सूनबाईंच्या मनात आलं. लगेच त्यांनी मनातल्या मनात हात जोडले.

आतून सासूबाईंनी हाक मारली. सूनबाईंनी जाऊन त्यांना आधार देऊन बसवलं, घोट घोट पाणी पाजलं, हनुवटी पुसली. एवढ्यानेच सूनबाईंना धाप लागली. पलंगाची कड धरून त्या उभ्या राहिल्या. सासरे गेल्यावर म्हातारीने निम्मं आयुष्य काढलं, पण तिला सून होती. यांना पोटचं पोर नाही. आपल्यामागे यांना कोण?

त्या बाहेर आल्या तेव्हा डॉक्टरबाई गेल्या होत्या. यजमान खुर्चीत पाय पसरून बसले होते. गोड बातमीचा चहा टाक म्हणाले.

"उठा," सूनबाई म्हणाल्या. "तुम्ही टाका."

यजमानांना थट्टाच वाटली. हसत हसत ते ओट्यापाशी गेले. चहाची पत्ती कुठल्या डब्यात असते, हेसुद्धा त्यांना विचारावं लागलं. सूनबाईंनी नुसतं बोट दाखवलं. शेवटी गॅस पेटला. मोठ्या ऐटीत त्यांनी पातेल्यात दोन कप पाणी ओतलं.

सूनबाईंनी पातेलं उचललं आणि निम्मं पाणी मोरीत ओतून दिलं.

"एकाच कपाचा करायला शिका."