सव्वा मूठ

"किल्ला, मुघलसराई, इंग्रजांचं कबरस्तान, मग तापीचा काठ." मित्रमंडळींना काय काय दाखवायचं ते योगराजनं बोटांवर मोजून दाखवलं.

"आणि घर?" त्याच्या आईनं, कलाबाईंनी विचारलं.

आखाजीच्या सणाला योगराजनं आईला सांगून टाकलं होतं, की मी लग्न करणार नाही. माझं माणूस गजेंद्र आहे. आईनं ऐकलं, उठली आणि देवापाशी दिवा लावायला गेली. त्यानंतर त्या विषयावर अवाक्षर नाही. स्थळं घेऊन येणाऱ्यांना ती चहा पाजून वाटेला लावायची. लाजेपायी, असं त्यानं धरून घेतलं होतं.

"उद्या कानबाई बसणार, माय. रोटांचा दिवस. त्यात परक्यांना कशाला?"

"आरतीला घेऊन ये," त्या म्हणाल्या आणि कानबाईच्या नारळाला नथ बांधू लागल्या.

कानबाई ही खानदेशची देवी; तिचे रोट म्हणजे अगदी घरातली गोष्ट. श्रावणातल्या त्या रविवारसाठी घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ गहू मोजायचा. तो वेगळा दळायचा. त्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे. सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा त्यातला घास मिळत नाही. खानदेश सोडून सुरतेत गोडादऱ्याच्या दोन खोल्यांत आल्यावरही कलाबाईंनी हा नेम कधी मोडला नव्हता. शुक्रवारी त्या गव्हापुढे बसून काहीतरी पुटपुटत होत्या. योगराज दारात आला तशी त्यांनी घाईनं परात पदराखाली घेतली. नेमाच्या धान्यावर आईला आपली सावलीही नको, असं मनात येऊन तो आल्या पावली मागे फिरला होता.

रविवारी सकाळी मंडळी जमली. बडोद्याच्या छाया आणि प्रिया, एका खोलीत संसार मांडून बसलेल्या. नाशिकचा पंडित. आणि नवागामहून सायकल मारत आलेला गजेंद्र. वर्षातून एकदा हे सगळे एखादं शहर बघायला जमत. आखणी योगराजकडे असे. कुठं जास्त वेळ बसलं की लोक न्याहाळायला लागतात, कुठला लॉजवाला नातं विचारतो, हे त्याला पाठ होतं. म्हणून त्याच्या सहलीत चालणं फार आणि बसणं थोडं. यंदा त्यानं आपलंच सुरत निवडलं होतं. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर शहर घासून-पुसून लख्ख झालं होतं. दाखवायला अभिमान वाटावा असं.

कबरस्तानात एका मोठ्या घुमटापाशी तो थांबला. "इथं दोघं सख्खे भाऊ पुरलेत. शेजारी शेजारी."

पंडितनं चष्मा वर केला. "भाऊच होते ना रे नक्की? का आपण लॉजवर सांगतो तसले?"

छाया तोंडावर ओढणी धरून हसली. प्रियाही हसली. गजेंद्र तेवढा घुमटाकडे बघत राहिला. "मेल्यावर का होईना," तो म्हणाला, "एका छपराखाली."

दिवे लागायच्या सुमाराला सगळे गोडादऱ्याला पोचले. चौरंगावर कानबाई बसली होती, काजळाचे डोळे, नाकात नथ, गळ्यात हार. कलाबाईंच्या थोरल्या जाऊबाई, सुभद्राबाई, खड्या आवाजात गाणी म्हणत होत्या. आरती झाली. कलाबाईंनी बाहेरच्या खोलीत पाहुण्यांची पानं मांडली. पुरी, गंगाफळाची भाजी, वाटीभर खीर.

"पोटभर जेवा रे लेकरांनो. रोट तेवढा देता येत नाही. देवीचा नेम आहे, राग मानू नका."

"मावशी, खीर अशी असेल तर नेम वर्षभर चालू द्या," पंडित म्हणाला.

योगराज मात्र पानांकडेच बघत होता. पाहुणे चार. पानं तीन. छाया बसली, प्रिया बसली, पंडित बसला. गजेंद्र भिंतीला टेकून उभा राहिला.

घरी आण म्हणाली, ती हे दाखवायला? दारात आलेल्या कुत्र्यालाही भाकरी घालणारी आई, आणि आज तिनं एक पान कमी मांडलं.

गजेंद्रला कळायचं ते कळलं. तोही खानदेशातलाच. त्यानं चप्पल पायात सरकवली. "निघतो मी. रात्रपाळी आहे."

"थांब, मीपण येतो," योगराज म्हणाला. या उंबऱ्यावर परत यायचं की नाही, ते आता रस्त्यावरच ठरवायचं होतं.

"कोठे चालनात रे दोन्ही?"

कलाबाई आतल्या दारात उभ्या होत्या. हाताला पीठ, कपाळावर आरतीचं कुंकू. त्यांच्या मागे, कानबाईसमोर, घरच्यांची पंगत मांडलेली दिसत होती. एका पाटावर योगराजचे वडील लोटूआप्पा बसले होते. शेजारचा पाट योगराजचा. आणि त्याला लागून आणखी एक. तिन्ही ताटांत वाफाळते रोट होते. लोटूआप्पा कुणाकडेच न बघता तिसऱ्या ताटाशेजारी पाण्याचा तांब्या सरकवत होते.

सुभद्राबाईंचं गाणं तुटलं. "अवं कला, हाई काय करी ऱ्हायनी? परका माणूस रोटना पंगतमा? दोन माणसंस्नं दळण शे ते!"

"तीन माणसंस्नं शे, जिजी," कलाबाई हळूच म्हणाल्या. "शुक्रवारीच नाव लिसन मोजेल शे. बठ रे गजा, रोट थंडा व्हई ऱ्हायना."