आवाजाचा बंदोबस्त

रत्नाकररावांनी बोटाच्या पेराने व्हॅनच्या पत्र्यावर टकटक केली. पूर्वी हाच पत्रा ठण्ण वाजायचा, आता नुसता थप्प. छपरावर मारून बघितलं, दारावर मारून बघितलं, मागच्या चाकांवरच्या फुगवट्यावर मारून बघितलं. सगळीकडे थप्प. स्वतःवरच खूश होऊन त्यांनी वर गॅलरीकडे बघत हाक दिली, "जयवंती, ये गं खाली. झालं."

ही व्हॅन पूर्वी वेस्ट मांबलममधल्या दुकानांना इडलीचं पीठ पोचवायची. रत्नाकररावांनी ती विकत घेतली तेव्हा बिल्डिंगमध्ये सगळे म्हणाले, म्हातारचळ लागला. लागू दे. रेल्वेचे डबे बांधण्याच्या कारखान्यात उभी हयात गेलेला माणूस, चाकांवरचं घर उभं करणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ. आत एक पलंग, एक शेगडी, आणि पोंगल झाला की नवराबायकोने निघायचं, आधी रामेश्वर, मग वाट फुटेल तिकडे. पाळ्यांच्या नोकरीत जयवंतीबाईंच्या वाट्याला आला तो झोपलेला नवरा. उरलेले दिवस तरी तिच्या शेजारी बसून जावेत, एवढीच त्यांची हौस होती.

जयवंतीबाई आजवर एकदाच व्हॅनमध्ये बसल्या होत्या, महाबलीपुरमपर्यंत. घरी आल्यावर म्हणाल्या, नुसती भट्टी आहे, आणि खडखडाट तरी केवढा, तुम्ही काय बोलत होतात त्यातलं एक अक्षर कळलं नाही. दुसरा कोणी असता तर त्याने आधी बायकोच्या तोंडाकडे बघितलं असतं. पण कारखान्याची सवय जाते कुठे? तक्रार आली की दुरुस्ती करायची, तक्रार करणाऱ्याचं तोंड बघत बसायचं नाही. रत्नाकरराव दुसऱ्याच दिवशी कामाला लागले.

पत्र्याला आतून काळ्या, चिकट डांबरी शीट लावल्या, त्यावर फोम, उन्हासाठी चंदेरी फॉइल आणि वर प्लायवुड. दारांच्या कडांना दुहेरी रबर बसवलं. छपराची शीट खरं तर एकाने धरायची आणि दुसऱ्याने रूळ फिरवून दाबायची. दुसरं कोण येणार? रत्नाकरराव ती डोक्याने धरून ठेवत आणि दोन्ही हातांनी रूळ फिरवत. टकलावर डांबराचे डाग पडले, ते खोबरेल तेलानेही निघेनात.

जयवंतीबाई खाली आल्या. इस्त्रीची साडी होती, केसांत ताजा मल्लीचा गजरा. रत्नाकररावांचं लक्ष त्या वेळी प्लायवुडच्या एका उचललेल्या कडेवर होतं. ती अंगठ्याने दाबत त्यांनी बायकोला पुढच्या सीटवर बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि दार ओढलं.

फाटकाशी फुलवाली ओरडत होती, स्टेशनकडून गाडी येत होती, कोणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. पातेल्यावर झाकण पडावं तसं सगळं थांबलं. इतकी शांतता त्यांच्या संसारात कधी झाली नव्हती. घरात टीव्ही तरी असायचा. इथे जयवंतीबाईंची बांगडी बांगडीला लागली तेसुद्धा ऐकू आलं.

"आता बोला," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"त्या दिवशी महाबलीपुरमच्या रस्त्यावर काहीतरी सांगत होतात. मला ऐकू आलं नाही. आता येईल."

रत्नाकररावांना शब्दन् शब्द आठवत होता. त्या दिवशी समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता ते म्हणाले होते, तुझ्याशिवाय करमत नाही गं मला, तू चल. लग्नापासून हे असलं काही पहिल्यांदाच बोलले होते. धीर झाला तोच मुळी त्या खडखडाटामुळे. ऐकू गेलं तर गेलं, नाही तर नाही. आणि आता एवढ्या शांततेत तेच बोलायचं? भर पंगतीत उठून गाणं म्हणण्यापैकीच ते.

"डिझेलचं म्हणत होतो," ते म्हणाले. "ॲव्हरेज बरं देते गाडी."

"डिझेलचं," जयवंतीबाई म्हणाल्या. मग प्लायवुडवरून हात फिरवून म्हणाल्या, काम निगुतीनं केलंय. मग रागाने नाही, घरातली साखर संपलीय हे सांगावं तशा सुरात म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी घर बघते."

त्या उतरल्या. दार जोरात ओढावं लागतं, ते त्यांनी बरोबर जोरात ओढलं.

बाहेर तळमजल्यावरच्या मधुवंतीने त्यांना गाठलंच. समोरच्या काचेतून रत्नाकररावांना दोघी दिसत होत्या. जयवंतीबाई हातवारे करून तमिळमध्ये काहीतरी सांगत होत्या आणि मधुवंती हसत होती. मग जयवंतीबाईही हसल्या, गजरा हलला. घरात ही बाई दिवसभरात चार वाक्यं बोलते, जेवायला या आणि गॅस बंद करा धरून. बायको हाताच्या अंतरावर उभी होती.

"जयवंती," ते म्हणाले, "तुझ्याशिवाय करमत नाही गं मला. चल ना."

मग तेच त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. मग पार घसा फाटेपर्यंत ओरडून.

बाहेर दोघींपैकी एकीनेही मान वळवली नाही. काम चोख झालं होतं.