पंधरावा शब्द

निरोगी माणसांची स्मरणशक्ती एका मुळीच्या पुडीने वाढते का, याची तपासणी चालू होती. रोज दोन कॅप्सूल घ्यायच्या आणि महिन्यातून एकदा चाचणी द्यायची. चाचणी घेणारी बाई दर वेळी तेच पंधरा साधे शब्द वाचून दाखवायची, अर्ध्या तासाने समोरच्याने ते आठवून सांगायचे.

म्हातारा प्लंबर पहिल्या महिन्यापासून चौदा सांगायचा. चमचा, खिडकी, घोडा, साबण, सगळे पाढे म्हटल्यासारखे घडाघडा. 'झाकण' तेवढं दर वेळी राहायचं. बाकीच्यांचे आकडे जरा तरी सरकले, याचा जागचा हलेना. मुळी याला लागू पडत नाही, असा शेराही तिने मारून ठेवला होता.

शेवटच्या चाचणीला मात्र तिला राहवलं नाही. नियम बाजूला ठेवून तिने आपल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"काका, बघा बरं, काही आठवतंय का?"

प्लंबरने झाकण उचललं, बाटलीवर बसवलं आणि घट्ट फिरवलं. ओढून पाहिलं. पुन्हा फिरवलं.

"न आठवायला काय झालंय, मॅडम," तो म्हणाला. "अंगणातल्या टाकीचं मीच उघडं ठेवलं होतं. पाना आणायला दोन मिनिटं घरात गेलो. नात तिथेच खेळत होती."