धुऱ्यावरचा निंब

"काका, चित्राले हात नका लावू," निशिगंधा म्हणाली.

"हात कुठं लावून राह्यलो, पोरी? बोट लावून राह्यलो," भगवानराव म्हणाले. त्यांचं बोट चित्रातल्या काळ्या मातीवरून सरकत सरकत थेट निंबाच्या बुडाशी जाऊन थांबलं. "हा पाहा निंब. अन् हा पाहा धुरा. आता सांगा, निंब कोनाच्या वावरात? माह्या!"

त्यांच्यामागे मोताळ्याहून जीपमध्ये कोंबून आलेली पंधरा माणसं एकदम "हाव" म्हणाली.

बुलढाण्याच्या त्या लहानशा संग्रहालयात एवढी माणसं एका वेळी कधी आली नव्हती. एरवी यायची ती कोर्टात तारीख असलेली, आणि तीही वीरगळ पाहायला नव्हे, पंख्याखाली बसायला. निशिगंधा जिल्ह्यातल्याच उंद्री गावची. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि दोन महिन्यांच्या इंटर्नशिपवर इथं खापरांवर नंबर टाकत होती. खापरांचं कपाट सरकवलं तेव्हा मागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेली एकोणीस चित्रं निघाली. ओल्या कापसानं एक पुसलं, तर धुळीतून राजूर घाटातलं वळण वर आलं. दुसरं पुसलं, तर फुलावर आलेली तूर. खाली बारीक सही होती : पुंजाजी, ड्रॉइंग मास्तर, मोताळा.

ती मोताळ्याला गेली. बसस्टँडवर तिघांना विचारलं. तिघंही म्हणाले, गुरुजी कधीचेच वारले. चौथ्याला विचारलं, तर ते गुरुजीच निघाले.

पंच्याऐंशी वर्षांचे ते पुंजाजी गुरुजी आज स्वतःच्या पहिल्यावहिल्या प्रदर्शनात, गळ्यात हार घालून, दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. सकाळपासून माणसं यायची, त्यांच्या पाया पडायची आणि चित्रांकडे पाठ करून चहाकडे वळायची. पण सातव्या चित्राखाली निशिगंधानं हौसेनं लिहिलं होतं, 'मोताळा शिवार, मारुतीच्या देवळामागून, १९६८'. त्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला. देवळामागच्या ज्या धुऱ्याचं, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाचं, भांडण वीस वर्षं कोर्टात पडून होतं, त्याच्या दोन्ही बाजूंची घरं दुपारच्या आत इथं हजर झाली.

"सरका जरा." दुसऱ्या बाजूच्या केसरबाई पदर खोचत पुढे आल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि सरळ चित्रावर वीत टाकली. "निंबापासून धुरा अर्धी वीत. निंब आमच्यातच आहे. आता तिथं झाड नाही, पन मी लगीन होऊन आली तवा याच निंबाखाली आमची बैलगाडी सोडली होती."

"अन् माह्या मायनं याच निंबाले झोळी बांधून मले झोपोलं होतं!"

"तुमाले झोळीतलं आठवते?"

"निंब आठवते!"

आवाज चढले. भगवानरावांनी जाहीर केलं, की हा पुरावा आहे, आत्ताच्या आत्ता कोर्टात न्यायचा. त्यांच्या पुतण्यानं चित्राची वरची कड धरली, तशी केसरबाईंच्या सुनेनं खालची धरली. संग्रहालयाच्या प्रमुख संजीवनी मॅडम रजिस्टर छातीशी धरून "असं नियमात बसत नाही, नियमात बसत नाही" एवढंच म्हणत राहिल्या.

निशिगंधा दोघांच्या मध्ये घुसली. कोर्टात गेलेलं चित्र कागदांच्या गठ्ठ्यात बांधलं जाणार, आणि मग पुन्हा वर्षानुवर्षं कोणाच्या दृष्टीस पडणार नाही. ती ओरडली, "अहो, ज्यानं काढलं त्याले तर इचारा!"

दोन्ही कडा सुटल्या. सगळ्यांना एकदमच आठवलं, की काढणारा माणूस इथंच बसला आहे. पुतण्यानं आणि सुनेनं मिळून गुरुजींची खुर्ची उचलली आणि चित्रासमोर आणून ठेवली.

"सांगा गुरुजी," भगवानराव हात जोडून म्हणाले. "तुमी म्हनान ते आमाले मंजूर."

"आमालेही," केसरबाई म्हणाल्या.

गुरुजींनी वाकून चित्र पाहिलं. मग त्यांनी बोटानं निशिगंधाला जवळ बोलावलं आणि तिच्या कानाशी लागले.

"तिथं निंब नव्हताच वं पोरी."

"काय?"

"डावी बाजू मोकळी मोकळी वाटे. म्हनून टाकला."

निशिगंधाला हसावं की रडावं कळेना. "मंग सांगून टाका न त्याइले!"

गुरुजींनी मान वर केली. केसरबाई चष्मा सावरून निंबाच्या फांद्या पाहत होत्या. भगवानराव नाक टेकेल इतके वाकून पुतण्याला दाखवत होते, "सावली पाह्य कशी पडली. सकाळची आहे बे." मागे उभा असलेला एक जण त्या दोघांच्या डोक्यांमधून निळ्या डोंगरांकडे बघत होता. त्याला चहाची आठवणही नव्हती.

गुरुजी खाकरले. शाळेत खाकरायचे तसे. सगळे एकदम ताठ झाले.

"अगोदर सगळे चित्रं पाहून या," ते म्हणाले. "एकपासून एकोणीसपर्यंत. एकही सुटलं नाही पाह्यजे. मंग सांगतो."

दोन्ही बाजूंची मिळून तीस माणसं मुकाट्यानं पहिल्या चित्रापाशी गेली आणि रांग लावून पुढे सरकू लागली. भगवानराव आणि केसरबाई सर्वांच्या पुढे होते, खांद्याला खांदा लावून, कारण एकाला दुसऱ्याचा भरवसा नव्हता. तिसऱ्या चित्रापाशी रांग अडली.

"गुरुजी," केसरबाईंनी तिथूनच विचारलं, "ही विहीर कोनाची हो?"

पुंजाजी गुरुजी खुर्चीत सावरून बसले.

"नीट पाहा," ते म्हणाले. "नीट पाहा."