एकदम फिट

प्रभु सरांनी पेनाला टोपण लावलं आणि महेश्वरीला कळलं, मंजुनाथचा पत्ता कटला.

आत्ता थोड्या वेळापूर्वी हाच मंजुनाथ नटाच्या निवडीसाठी बाकावर बसून नाटकातल्या पोराचा प्रसंग करत होता. बाप बाहेरून हाका मारतोय आणि पोरगा आतून कडी लावून बसलाय, एवढाच प्रसंग. त्यानं हातवारे केले नाहीत, गळा काढला नाही. नुसता "आलो की" म्हणत बसून राहिला, आणि चहा घेऊन आलेल्या मावशीसुद्धा ट्रे धरून दारातच थांबल्या. महेश्वरीनं मनात त्याचं नाव पक्कं करून टाकलं.

नाटक तिनंच लिहिलेलं, बसवणारही तीच. त्याचं नाव 'बोल की!'. मर्दपणाच्या नावाखाली पोरांनी मनातलं दाबून ठेवू नये, जड झालं तर कुणाशी तरी बोलावं, हे सांगायला ते माळशिरसपासून केमपर्यंत जिल्हाभर शाळाशाळांतून फिरणार होतं. खर्च प्रभु सरांच्या शिक्षणसंस्थेचा, म्हणून शेवटचा शब्दही त्यांचाच.

घोटाळा झाला तो नंतरच्या फेरीत. प्रयोग संपला की नटानं तिथंच पोरांमध्ये बसून त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, ही महेश्वरीची पद्धत. म्हणून निवडीलाही ती फेरी होती. प्रभु सर हौसेनं विद्यार्थी झाले. हात वर करून त्यांनी विचारलं, "सर, तुम्हाला कधी असं झालं होतं का?"

"झालं हुतं की," मंजुनाथ म्हणाला. "अक्कलकोटला असताना लई वाईट दिवस काढले. आता बरा हाय. गोळी चालू हाय अजून."

तेवढ्यावर टोपण लागलं.

हाच प्रश्न आधी अजिनाथला विचारला होता. अजिनाथ केमकडचा गडी, दंड शर्टात मावत नव्हते. "छ्या! आपल्याला कसलं टेन्शन? आपण एकदम फिट!" असं म्हणत त्यानं छाती ठोकली आणि अख्खा हॉल हसला. सर तर टाळी द्यायला उठले होते. अभिनय म्हणाल तर बरा होता, वाईट नाही.

मंजुनाथला बाहेर व्हरांड्यात बसवून महेश्वरीनं दार लोटलं. "सर, नाटक कशावर आहे ते वाचलंत ना?"

"वाचलं म्हणूनच सांगतो. नाटक वेगळं, माणूस वेगळा. उद्या एखाद्या पालकाचा फोन आला, गोळ्या खाणारा माणूस आमच्या पोरांत कसा बसवलात म्हणून, तर मी कोणतं तोंड दाखवू?"

"शुगरची गोळी तुम्हीही खाता, सर."

"ती वेगळी."

महेश्वरीच्या अंगाची लाही लाही झाली. वेगळी कशी? हा माणूस दर कार्यक्रमात मनाच्या आरोग्यावर भाषण ठोकतो, फलकावर स्वतःचा हसरा फोटो छापून घेतो, आणि खरं बोलणारा माणूस समोर आला की चट्‌दिशी टोपण! संहिता उचलावी आणि चालू पडावं, असं तिला वाटलं. शब्द ओठांवर आलेही होते.

"बघा मॅडम," सर शांतपणे म्हणाले. "टेम्पो संस्थेचा, पत्र संस्थेचं. नाहीतर एकाही शाळेचं फाटक उघडायचं नाही."

आणि महेश्वरीनं मान डोलावली. नाटक पोरांपर्यंत पोचलं पाहिजे, असं तिनं स्वतःला बजावलं.

व्हरांड्यात तिचा संताप भलत्याच माणसावर निघाला. "कशाला सांगितलंस रे? एक वाक्य गिळता आलं नाही तुला?"

मंजुनाथ रागावला नाही, याचंच तिला जास्त लागलं. "पोरांनी इचारलं असतं तर काय सांगायचं हुतं, ताई?" एवढंच तो म्हणाला. त्यानं हेल्मेट घातलं, गाडीला किक मारली आणि गेला.

अजिनाथचं नाव जाहीर झालं. "असा पाहिजे गडी!" म्हणत सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, फोटो झाले. सर गेले. बाकीची मंडळी रिक्षा बघायला जुळे सोलापूरच्या चौकाकडे गेली. महेश्वरी मागं राहून खुर्च्या आवरत होती, म्हणजे एकीवर एक आदळत होती. तिला अजिनाथचाही राग आला होता. छाती ठोकून भूमिका मिळवणारा हा माणूस पोरांना सांगणार काय, डोंबल?

तो मात्र रेंगाळला होता. न सांगता खुर्च्या उचलू लागला. सगळ्या आवरून झाल्या तरी हलेना. मग दारापर्यंत जाऊन बाहेर कुणी नाही ना, ते बघून आला.

"ताई, त्या मंजुनाथचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

"माफी मागायचीय?" महेश्वरी फणकारली.

"न्हाय." त्यानं हात खिशात घातले, पुन्हा बाहेर काढले. "त्येच्या डॉक्टरचं नाव पायजे हुतं. त्या गोळीनं झोप लागती का, तेबी इचारायचं हुतं."

"कुणासाठी?"

अजिनाथनं रचलेल्या खुर्च्यांतली वरची खुर्ची उगाच पुन्हा नीट केली.

"माझं नाव नका सांगू पण कुणाला," तो म्हणाला. "रोल जाईल की."