सरदारांचा अंगरखा

"गेल्या सालचाच अंगरखा, मग यंदा बंद का जुळंनात?" आमचे हे माझ्या कानाशी कुरकुरले. खर्ड्याच्या किल्ल्यात लढाईचा देखावा सुरू होणार होता, सगळ्यांचे पोशाख मीच शिवलेले, आणि अडकले नेमके आमचे सरदार. दिवाळीपासून हे निम्मे झाले होते. दवाखान्याचं नाव काढलं की चिडायचे, त्यामुळे सगळेच गप्प. अंगरखा चारचौघांत लोंबू नये म्हणून मी गुपचूप उसवून नव्या मापात बसवला होता. मग घट्ट कसा? बंद ओढताना आतून काठ डोकावला. माझीच जुनी साडी! अंग भरलेलं दिसावं म्हणून ह्यांनी पोटाला गुंडाळलेली. शेजारचे शिपाई उगाच भाले पुसायला लागले. मी हसत साडी सोडवत गेले. ती संपेना, पण हसू संपलं. ह्यांनी माझा हात धरला. "मला कायतरी झालंय गं. उद्या दवाखान्यात चल माझ्यासंगं."